जुन्या इंग्रजी हवेलीतला फ्लॅट घ्यावा का? वापर बदलत गेलेल्या वास्तूंविषयी एक सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मला असा समजला: इंग्लंडमधल्या रेडिंगपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर एका ग्रेड टू दर्जाच्या ‘लिस्टेड’, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने संरक्षित यादीत असलेल्या, जुन्या हवेलीतला दोन बेडरूमचा फ्लॅट आपण उभयतांनी पाहिला आणि तो आपल्याला आवडला. ही हवेली मुळात एका जमीनदार कुटुंबाची होती. पहिल्या महायुद्धात तेथे जखमी सैनिकांचे रुग्णालय होते, पुढे मुलींची निवासी शाळा आली, 1980 च्या दशकात हॉटेल झाले आणि साधारण पंधरा वर्षांपूर्वी तिचे चौदा फ्लॅट करण्यात आले. इतक्यांच्या हातून गेलेल्या घरात अस्सल म्हणण्याजोगे काही उरते का, उद्या आणखी कोणी येऊन तिचे पुन्हा हॉटेल करील का, आणि ‘लिस्टिंग बाहेरच्या भिंतींपुरते असते, आतून काय हवे ते करा’ हे एजंटचे म्हणणे खरे का, असे आपण विचारले आहे.

शेवटचा मुद्दा आधी संपवतो, कारण त्यात गोंधळायला जागा नाही. एजंटचे म्हणणे चूक आहे. इंग्लंडमध्ये इमारत लिस्टेड असली म्हणजे ती आतून आणि बाहेरून, जिना, दारे, शेकोट्या, छताखालची नक्षी यांसह सगळी लिस्टेड असते. ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू हे दर्जे महत्त्वाची पायरी सांगतात, संरक्षणाची व्याप्ती नव्हे. देशातल्या लिस्टेड इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ग्रेड टूच आहेत, आणि 1990 चा कायदा त्यांनाही तितकाच लागू होतो. वास्तूच्या वैशिष्ट्याला बाधा येईल असा बदल परवानगीशिवाय करणे हा फौजदारी गुन्हा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. मी पुण्यात वास्तुकला (आर्किटेक्चर) शिकून संवर्धनाच्या पुढच्या शिक्षणासाठी इकडे आलो, त्याला चोवीस वर्षे झाली. त्यातला बराचसा काळ अशाच हवेल्यांच्या आणि जुन्या हॉटेलांच्या पोटमाळ्यांवर आणि तळघरांत गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ‘वापर किती वेळा बदलला’ या प्रश्नातून फारसे काही हाती लागत नाही. प्रत्येक वापराने भिंतींना, जमिनींना आणि छताला काय केले आणि पुढच्या दुरुस्तीचा भार कोणाच्या खिशावर आहे, हे विचारावे. आपण पाहिलेली वास्तू मी पाहिलेली नाही, त्यामुळे खालचे बरेचसे तिथल्या परिस्थितीवर अवलंबून राहील. शिवाय मी बोलतो आहे ते इंग्लंडपुरते. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत.

या हवेल्यांचा वापर बदलला तो कोणाच्या लहरीने नव्हे. ही घरे शेतजमिनीच्या खंडावर आणि स्वस्त नोकरवर्गावर चालत होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत धान्याचे भाव कोसळले आणि खंड आटला. 1894 साली वारसाहक्कावर नवा कर आला तेव्हा त्याचा कमाल दर 8 टक्के होता. 1949 पर्यंत सर्वांत मोठ्या मालमत्तांसाठी तो 80 टक्क्यांवर गेला होता. एका पिढीत वडील आणि मुलगा पाठोपाठ गेले की घर राखणे अशक्य होत असे. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हजाराहून अधिक कंट्री हाऊसे पाडली गेली आणि 1955 च्या सुमारास तर दर पाच दिवसांना एक पडत होते, असे सांगितले जाते. 1974 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विध्वंसावर प्रदर्शन भरवले, तेव्हा कुठे लोकांना हा प्रकार डोळ्यांसमोर दिसला. त्यामुळे आपण पाहिलेली हवेली आज उभी आहे, याचे कारण तिच्यात कोणी ना कोणी सतत राहिले, शिकले किंवा उपचार घेतले हेच आहे. तिच्या आसपासच्या ज्या घरांना दुसरा वापर सापडला नाही, त्यांचे आज फक्त फाटकाचे खांब उरले असतील.

मात्र सगळे वापर सारखे नसतात. माझे एक मत आहे, त्यावर सहकाऱ्यांशी माझे वाद होतात. पैसा नसलेला भाडेकरू वास्तूला कमी इजा करतो. शाळा, कॉलेज, धर्मसंस्था यांच्याकडे खोल्यांची रचना बदलायला पैसे नसतात. दिवाणखान्यात बाके टाकून वर्ग भरवला जातो, ग्रंथालय ग्रंथालयच राहते, नाचघराची जेवणाची खोली होते, लाकडी तक्तपोशीवर हिरवा रंग फासला जातो आणि भिंतीवर सूचनाफलक ठोकला जातो. रंग खरवडता येतो आणि खिळ्याचे भोक बुजवता येते. स्टो हाऊस 1923 पासून शाळा आहे आणि आजही तिथली दालने दालने म्हणून ओळखू येतात. दुसऱ्या महायुद्धात सरकार घरे ताब्यात घेणार हे दिसताच चॅट्सवर्थ हवेलीच्या मालक असलेल्या ड्यूकने आपणहून मुलींच्या शाळेला जागा दिली. पेनरोस कॉलेजच्या मुली 1939 ते 1946 तेथे राहिल्या. सैनिकांपेक्षा शाळकरी मुली घर जपून वापरतील, असा साधा हिशेब त्यामागे होता आणि तो बरोबर ठरला. ज्या घरांत सैन्य उतरले, त्यांतल्या कित्येकांचे कठडे शेकोटीत गेले.

हा भाडेकरू छताकडे मात्र बघत नाही. शिशाच्या पत्र्याला चीर पडली, पन्हळीत पाने साचली, पाणी भिंतीत मुरू लागले, की तो तिथे बादली ठेवतो. वीस वर्षांनी त्या बादलीवरची तुळई टोकाशी कुजलेली सापडते. म्हणून शाळेच्या काळाबद्दल मी दालनांची नव्हे, छताची चौकशी करतो.

हॉटेलचे उलट असते. हॉटेलवाला छत नीट ठेवतो, कारण गळक्या खोलीचे भाडे मिळत नाही. पण त्याला प्रत्येक बेडरूमला लागून न्हाणीघर हवे असते, आणि अठराव्या शतकातल्या घरात नेमके तेच नसते. प्रत्येक न्हाणीघराबरोबर गरम पाण्याचा, थंड पाण्याचा आणि सांडपाण्याचा नळ येतो, हवा बाहेर टाकायची वाट येते, आगीपासून संरक्षणासाठी दारांना आणि जमिनींना वेगळे अस्तर येते. वास्तूच्या आत खरी चिरफाड होते ती इथे. चांगला वास्तुविशारद मोठ्या बेडरूमच्या मधोमध एखाद्या कपाटासारखे न्हाणीघर उभे करतो, त्याच्या भिंती छतापर्यंत नेत नाही, त्यामुळे उद्या ते उचलून बाजूला ठेवता येते. घाईतला कंत्राटदार सरळ भिंत घालतो आणि छताच्या नक्षीला आरपार कापतो.

हॉटेलच्या या गरजेचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनमध्येच आहे. सेंट पँक्रस स्थानकाच्या तोंडाशी उभे असलेले मिडलँड ग्रँड हॉटेल सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी बांधले आणि ते 1873 साली सुरू झाले. सुमारे 300 खोल्या, सोनेरी वर्ख, भव्य दुहेरी जिना असा सगळा थाट होता. स्नानगृहे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. मोलकरणींनी गरम पाण्याच्या झाऱ्या जिन्याने वर न्यायच्या आणि पाहुण्याने खोलीतल्या टबात अंघोळ करायची, ही तेव्हाची रीत. पुढे पाहुण्यांच्या सवयी बदलल्या, पण आगीपासून सुरक्षित म्हणून घातलेल्या जाड, भरीव जमिनींतून नवे नळ काढणे भयंकर खर्चाचे होते. नोकरांचा पगार वाढला आणि 1935 साली हॉटेल बंद पडले. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे तेथे रेल्वेची कचेरी होती. कारकुनांनी नक्षीवर रंग फासले, छताखाली खोटी छते टांगली, म्हणजे वर सांगितलेला गरीब भाडेकरू जे करतो तेच केले. 1960 च्या दशकात ते पाडण्याचा धोका होता, 1967 साली ग्रेड वन लिस्टिंग झाल्याने तो टळला. 1980 च्या दशकात अग्निसुरक्षेच्या निकषांवर इमारत नापास झाली आणि रिकामी पडली. 2011 साली ती पुन्हा हॉटेल म्हणून उघडली, तेव्हा जुन्या इमारतीत फक्त काही मोजके सूट ठेवले गेले, बाकीच्या बहुसंख्य खोल्या शेजारी बांधलेल्या नव्या भागात गेल्या आणि जुन्या इमारतीचे वरचे मजले खासगी फ्लॅट झाले. म्हणजे जी वास्तू जन्मतः हॉटेल होती, तिलासुद्धा आधुनिक हॉटेल पेलवण्यासाठी नवी इमारत शेजारी घ्यावी लागली. मग जे घर हॉटेलसाठी बांधलेलेच नव्हते, त्याच्या पोटात तीस न्हाणीघरे कशी बसवली असतील, हे आपल्या हवेलीत शोधायचे आहे.

हवेलीत हॉटेल चांगले बसवता येते, हेही नोंदवले पाहिजे. एलस्बरीजवळचे हार्टवेल हाऊस हे माझ्या आवडीचे उदाहरण आहे. फ्रान्सचा अठरावा लुई 1809 ते 1814 या काळात निर्वासित म्हणून तेथे राहिला, विसाव्या शतकात मुलींचे महाविद्यालय तेथे होते, 1989 पासून हॉटेल आहे आणि 2008 साली चालकांनी ते नॅशनल ट्रस्ट या वारसा वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केले. टेम्सकाठचे क्लिव्हडन 1942 पासून ट्रस्टचे आहे. तेथे 1969 ते 1983 पर्यंत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी शिकत होते आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापासून तेथे हॉटेल आहे. दोन्ही ठिकाणी जमीनमालक हा वास्तूचा दीर्घकालीन विचार करणारा आहे आणि हॉटेल हा त्याचा भाडेकरू आहे. मालक आणि चालक वेगळे असले की भिंतीवर हातोडा पडण्याआधी कोणीतरी ‘नाही’ म्हणायला असते. आपल्या हवेलीत 1980 च्या दशकात तसे कोणी होते का, हे कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, जुन्या परवानग्यांच्या फायलीत दिसेल.

आता फ्लॅटबद्दल. हवेलीचे फ्लॅट करणे ही मुळात वाईट कल्पना नाही. किट मार्टिन या वास्तुविशारद-विकासकाने नॉरफोकमधल्या गंटन हॉलसारखी मोडकळीला आलेली घरे घेऊन त्यांची अनेक कुटुंबांत वाटणी केली, आणि त्यांची रीत अजूनही आम्ही आदर्श मानतो. घर शक्यतो उभे कापायचे, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला तळापासून वरपर्यंत आपला तुकडा, आपले दार आणि आपला जिना मिळतो. मोठी दालने कापायची नाहीत, ती ज्याच्या वाट्याला येतील त्याच्याकडे अख्खी राहतील. तबेले, धोबीखाना, भाजीपाल्याची बाग यांतही घरे करायची, म्हणजे मुख्य इमारतीवर गर्दीचा ताण येत नाही. आडवे कापले, म्हणजे मजल्यामजल्याने वाटले, की लगेच आवाजाचा आणि आगीचा प्रश्न येतो, आणि मग जमिनींशी झटापट सुरू होते.

आपण फ्लॅट पुन्हा पाहायला जाल तेव्हा बैठकीच्या खोलीच्या मध्यभागी उभे राहून फक्त वर बघा. छत आणि भिंत यांच्या सांध्यात नक्षीची पट्टी असते, तिला कॉर्निस म्हणतात. तिच्यावर नजर ठेवून सावकाश एक चक्कर मारा. ती चारही कोपऱ्यांत व्यवस्थित वळून स्वतःलाच येऊन मिळाली, तर आपण मूळ खोलीत उभे आहात. एखाद्या भिंतीत ती अचानक घुसून नाहीशी झाली, तर ती भिंत नंतरची आहे आणि खोलीचा उरलेला भाग शेजाऱ्याकडे आहे. आता त्या भिंतीशी जाऊन बघा. भिंतीची कड नक्षीच्या वळणांबरहुकूम कापून बसवलेली असेल, तर काम करणाऱ्याने पुढे कधीतरी भिंत काढता यावी असा विचार केला होता. उलट नक्षीच तोडून भिंत वर नेली असेल, तर तो तुकडा कायमचा गेला. मग बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करा. मूळ भिंत विटांची असेल तर आवाज भरीव येतो. पातळ लाकडी पट्ट्यांवरच्या चुन्याच्या गिलाव्याला थोडासा घुमारा असतो, आणि जिप्समच्या बोर्डाचा आवाज खोक्यासारखा पोकळ येतो. पाच मिनिटांत आपल्याला खोलीचा इतिहास कळतो, आणि तो माहितीपत्रकातल्या इतिहासापेक्षा खरा असतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. जुन्या घरांत फळ्यांच्या खाली, तुळयांच्या मधल्या पोकळीत, चुना, राख किंवा वाळू यांचा थर घातलेला असतो. आवाज दाबण्याची ती त्या काळची युक्ती होती. मिडलँड्समधल्या एका हॉटेलच्या कामात, माझ्या उमेदीच्या वर्षांत, नळ टाकणाऱ्यांनी तो थर ‘मळ’ समजून गोण्या भरभरून बाहेर फेकला. आम्ही साइटवर पोचलो तोवर दोन मजले रिकामे झाले होते. त्या हॉटेलात पुढे वरच्या खोलीतल्या माणसाच्या चपलांचा आवाज खाली ऐकू यायचा आणि तक्रारी आल्या की व्यवस्थापक गालिचा आणखी जाड करायचा. आपल्या फ्लॅटच्या वर दुसरा फ्लॅट असेल, तर वरच्यांना घरात चालायला सांगून खाली ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नका. संध्याकाळी जा, त्या वेळी लोक घरी असतात.

पोकळ्यांचा दुसरा धोका आगीचा. 29 एप्रिल 2015 रोजी सरी परगण्यातल्या क्लँडन पार्क या अठराव्या शतकातल्या घराला आग लागली. तळघरातल्या विजेच्या वितरण फलकात दोष होता. तिथून आग भिंतींमधल्या आणि मजल्यांमधल्या पोकळ्यांतून वर चढली आणि घराचे जवळजवळ सगळे अंतरंग जळाले. फ्लॅट करताना प्रत्येक घर आगीच्या दृष्टीने बंद पेटी होईल असे बघावे लागते. आपल्या इमारतीचे ताजे अग्निजोखीम मूल्यांकन मागून घ्या आणि त्यात पोकळ्या बंद केल्याचा उल्लेख आहे का, एवढे तरी वाचा. हा कागद मिळायला टाळाटाळ झाली, तर मी घर सोडून देईन.

आता कायद्याचा तो भाग, जो आपल्या पैशाला थेट लागतो. जुन्या मालकाने परवानगीशिवाय भिंत पाडली असेल, तर त्याबद्दल आपल्यावर खटला होणार नाही. पण ती पूर्ववत करण्याची नोटीस कौन्सिल आजच्या मालकाला देऊ शकते, आणि लिस्टेड इमारतीच्या बाबतीत त्याला काळाची मर्यादा नाही. साध्या प्लॅनिंगच्या, म्हणजे बांधकाम आणि वापराच्या परवानगीच्या, नियमांच्या उल्लंघनाला आता सर्वसाधारणपणे दहा वर्षांची मर्यादा आहे. लिस्टेड इमारतीला ती सवलत नाही. म्हणजे 1985 साली हॉटेलवाल्याने कापलेले कॉर्निस 2030 साली आपल्या दारात येऊ शकते. व्यवहारात कौन्सिले इतक्या जुन्या गोष्टींमागे क्वचित लागतात, पण आपण पुढे स्वयंपाकघर बदलायचा अर्ज केला आणि अधिकारी पाहणीला आला, की जुने विषय निघतात. म्हणून आपल्या सॉलिसिटरला हॉटेलच्या आणि फ्लॅटच्या दोन्ही वेळच्या परवानग्या, त्यांचे मंजूर नकाशे आणि अटी पूर्ण झाल्याचे दाखले मागायला सांगा. नकाशा हातात घेऊन फ्लॅटमधून फिरा. मंजूर नकाशात नसलेली प्रत्येक भिंत आणि नकाशात असून जागेवर नसलेली प्रत्येक भिंत लिहून काढा. आपल्याकडे भोगवटा प्रमाणपत्राशिवाय फ्लॅट घेऊन पुढे वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारी माणसे आपण पाहिली असतीलच, हा त्याचाच इंग्रजी भाऊ आहे.

‘पुन्हा हॉटेल होईल का’ या आपल्या भीतीचेही उत्तर यातच आहे. इंग्लंडमध्ये इमारतीचा वापर वर्गात बांधलेला असतो: हॉटेल हा सी-वन, शाळेच्या वसतिगृहासारख्या निवासी संस्था सी-टू, घरे सी-थ्री. वर्गाबाहेर ठळक बदल करायचा तर परवानगी लागते, आणि चौदा वेगवेगळ्या लीजधारकांची (दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने फ्लॅट घेतलेल्यांची) घरे असताना तसा अर्ज करण्याइतकी ताकद कोणाकडेच नसते. परवानगीच्या या नियमाचा चटका महाराष्ट्र सरकारलाही बसला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिल भागात 10, किंग हेन्रीज रोड येथे राहत होते. ते घर राज्य सरकारने 2015 साली सुमारे 31 लाख पौंडांना विकत घेतले आणि तेथे स्मारक व संग्रहालय सुरू केले. घराचे संग्रहालय झाले म्हणजे वापर बदलला, आणि त्याची परवानगी आधी घेतलेली नव्हती. मागाहून केलेला अर्ज कॅम्डन कौन्सिलने राहत्या घरांची जागा कमी होते या कारणाने फेटाळला, शेजाऱ्यांच्याही तक्रारी होत्या. अपील झाले, सार्वजनिक सुनावणी झाली आणि अखेर मार्च 2020 मध्ये ब्रिटिश मंत्र्यांच्या निर्णयाने परवानगी मिळाली. घर कोणाचे आणि कारण किती मोठे, हे इथली प्लॅनिंग व्यवस्था शेवटी लक्षात घेते, पण आधी वर्ग विचारते.

याच संदर्भात एक किरकोळ गोष्ट. हवेलीच्या दारावर निळी गोल पाटी, म्हणजे कोणी नामवंत तेथे राहून गेल्याची खूण, आहे, असे आपण कौतुकाने लिहिले आहे. ती पाटी अभिमानाची असली तरी कायद्याने तिला काही वजन नाही. हायगेटमधल्या 65, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू या घरात 1905 साली श्यामजी कृष्णवर्मांनी इंडिया हाऊस हे विद्यार्थी वसतिगृह उघडले, सावरकर तेथे राहिले. आज त्या घरावर सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे आणि आत लोकांचे खासगी संसार चालू आहेत. केवळ पाटीमुळे एखाद्या घराची खिडकीसुद्धा वाचत नाही. वाचवते ते लिस्टिंग किंवा परिसराचे संरक्षण. तेव्हा किंमत ठरवताना पाटीचे पैसे मोजू नका.

वापर पुन्हा बदलण्याची शक्यता खरोखर असेल तर ती दुसऱ्या वाटेने येईल, फ्लॅट सुट्टीतल्या पाहुण्यांना रोजच्या भाड्याने देण्याच्या रूपाने. चौदापैकी पाच फ्लॅट असे चालू लागले की आपण पुन्हा एका हॉटेलातच राहत असता, फक्त स्वागतकक्षाशिवाय. लीजमध्ये अल्पमुदतीच्या भाड्यावर बंदी आहे का आणि ती बंदी पाळली जाते का, हे दोन्ही विचारा.

राहता राहिला पैसा, आणि माझ्या मते आपल्या निर्णयाचे खरे वजन इथे आहे. जमीनदाराकडे छतासाठी खंड होता, शाळेकडे फी होती, हॉटेलकडे पाहुणे होते. आता त्या छताखाली चौदा कुटुंबे आहेत आणि सर्व्हिस चार्ज, म्हणजे सामायिक देखभालीची वर्गणी, आहे. जुन्या हवेलीचे शिशाचे छत, दगडी कठडे, चुन्याचा गिलावा, सॅश म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या यांची दुरुस्ती साध्या कारागिराकडून होत नाही. सिमेंट लावून स्वस्तात उरकले तर भिंतीतला ओलावा आत कोंडतो आणि दहा वर्षांत विटाच भुसभुशीत होतात. त्यातच 1 ऑक्टोबर 2012 पासून लिस्टेड इमारतींमधल्या मंजूर फेरफारांवरची व्हॅटची सूट गेली. आता दुरुस्ती असो वा बदल, साधारणपणे 20 टक्के भरावे लागतात, तर नवी घरे बांधणाऱ्याला शून्य. हे धोरण मला कधीच समजले नाही, पण ते आहे. म्हणून व्यवस्थापन कंपनीची मागच्या किमान तीन वर्षांची हिशेबपत्रके आणि राखीव निधीचा आकडा मागा. दरमहा चार्ज कमी असेल आणि राखीव निधी जवळजवळ रिकामा असेल, तर खूश होऊ नका. छताचे बिल अजून आलेले नाही एवढाच त्याचा अर्थ. विमा पुनर्बांधणीच्या खऱ्या खर्चावर काढलेला आहे का, तेही बघा. अशा घराचा पुनर्बांधणीचा खर्च त्याच्या बाजारभावाहून कितीतरी जास्त असू शकतो.

आपण खिडक्यांना दुहेरी काच बसवण्याबद्दलही विचारले आहे. मूळ सॅश काढून नवी खिडकी बसवायला बहुतेक कौन्सिले ग्रेड टूमध्येही नाखूश असतात. जुन्या खिडकीच्या आतून दुसरी पातळ काचेची चौकट बसवली तर परवानगी सहसा मिळते, आवाज आणि थंडी दोन्ही बरीच कमी होतात, आणि पुढच्या माणसाला ती काढता येते. खिडक्या लीजनुसार आपल्या की इमारतीच्या, हे मात्र आधी ठरवून घ्या, कारण त्यावर रंगाचा खर्च कोणाचा हे अवलंबून असते.

थोडक्यात सांगायचे तर, शाळेच्या काळामुळे मला आपल्या घराच्या छताची चिंता वाटते, हॉटेलच्या काळामुळे भिंतींची आणि नळांची, आणि फ्लॅटच्या काळामुळे हिशेबाच्या वहीची. तिन्ही ठिकाणी समाधानकारक उत्तर मिळाले तर वापर चार वेळा बदलला असला तरी मी ते घर आनंदाने घेईन. एका ठिकाणी उत्तर अर्धवट असेल तर किमतीत घासाघीस करीन. छत आणि राखीव निधी या दोन्ही बाबतीत विकणारे गप्प बसले, तर पुढच्या घराकडे वळेन. सर्व्हेअर, म्हणजे खरेदीआधी घर तपासणारा तज्ज्ञ, नेमताना जुन्या इमारतींचा अनुभव असलेलाच नेमा. नव्या घरांना सरावलेला माणूस ओलावा मोजायचे यंत्र चुन्याच्या भिंतीला लावतो, आकडा बघून घाबरतो आणि भिंतीत रसायन टोचायचा सल्ला देतो, जो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

आणि दुसऱ्या भेटीसाठी मुद्दाम पावसाचा दिवस निवडा. एजंट आत चहा घेत असेल तेव्हा आपण छत्री घेऊन बाहेर या, इमारतीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, जिथे ऊन पोचत नाही, तिथल्या पन्हळीच्या नळाखाली पाच मिनिटे उभे राहा आणि पाणी नळातून खाली येते आहे की भिंतीवरून, ते बघा. भिंतीवर हिरवट पट्टा दिसला तर त्याचा फोटो आणि फ्लॅटचा मंजूर नकाशा इथे टाका, मग पुढचे बोलू.